दीड इंच कमी पडणारे घर

बदली हा बँकेच्या नोकरीचा स्थायीभाव आहे. दर तीन-चार वर्षांनी नव्या गावी जायचे, भाड्याचे घर शोधायचे, मुलांच्या शाळेचे प्रवेश उरकायचे, हे अधिकारीवर्गाच्या अंगवळणी पडलेले असते. घर पसंत करताना आपण भाडे पाहतो, पाण्याची वेळ विचारतो, शाखेपासूनचे अंतर पाहतो, घरमालकाच्या स्वभावाचा अंदाज घेतो. न्हाणीघराच्या दाराची रुंदी मात्र आपल्यापैकी कोणी मोजत नाही. मीही कधी मोजली नव्हती.

काही वर्षांपूर्वी मी प्रशासकीय कार्यालयात, अधिकाऱ्यांसाठी भाड्याने घरे घेण्याच्या प्रकरणांचे काम पाहत होतो. एका सहकाऱ्यांची पदोन्नतीवर नाशिकला नेमणूक झाली. अपघातात पाठीच्या कण्याला इजा झाल्यापासून ते चाकाच्या खुर्चीवर होते. कामात अत्यंत चोख, कर्जप्रकरणांच्या छाननीत तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पदोन्नती स्वीकारण्यास पंधरा दिवसांची मुदत होती. त्या पंधरा दिवसांत त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने चौदा घरे पाहिली. तेराव्या घरानंतर त्यांनी पदोन्नती नाकारण्याचा अर्ज लिहून ठेवला होता, हे मला पुष्कळ नंतर समजले.

त्या चौदा घरांपैकी पाच ठिकाणी लिफ्ट नव्हती. चार ठिकाणी लिफ्ट होती, परंतु लिफ्टपर्यंत पोहोचण्यासाठी तीन-चार पायऱ्या चढाव्या लागत. दोन घरमालकांनी खुर्ची पाहताच घर आधीच दिल्याचे सांगितले. उरलेल्या तीन घरांत ते आत जाऊ शकले, आणि तिन्ही ठिकाणी न्हाणीघराच्या दाराशी अडले. चौदाव्या घरी त्यांनी टेप लावून पाहिले. खुर्चीची एकूण रुंदी २४ इंच. चौकट वगळता दाराची मोकळी जागा २५ इंच. पण दार उघडले की त्याची फळी त्या मोकळ्या जागेतच उभी राही, म्हणून प्रत्यक्षात मिळत होते साडेतेवीस. एका अधिकाऱ्याची पदोन्नती अशी दीड इंचाच्या फळीत अडकली होती.

दिव्यांग भाडेकरूंच्या घराचा प्रश्न हा असा इंचांचा प्रश्न आहे. तो बांधकामाचा आहे, काही अंशी कायद्याचा आहे, आणि सर्वांत अधिक भाडेकरारातील चार ओळींचा आहे. आपल्या मासिकाचे वाचक दोन्ही बाजूंना आहेत. कित्येक ग्राहकांनी गृहकर्ज घेऊन दुसरे घर घेतलेले असते व ते भाड्याने दिलेले असते. आणि कर्मचाऱ्यांपैकी निम्मेअधिक जण कधी ना कधी भाडेकरू असतात. म्हणून हा विषय येथे थोड्या विस्ताराने मांडावासा वाटला.

अडथळे कोठे असतात

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. त्यांपैकी सुमारे एक पंचमांश व्यक्तींचे दिव्यांगत्व चलनवलनाचे होते. कायद्याने मान्य केलेले दिव्यांगत्वाचे प्रकार त्या वेळी कमी होते, आता ते २१ आहेत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरची आजी किंवा पक्षाघातातून सावरणारे वडील या आकड्यात बहुधा येत नाहीत. परंतु न्हाणीघराचे दार त्यांनाही तेवढेच अरुंद असते.

केंद्र सरकारने २०१६ साली सुगम्य बांधकामाची एकत्रित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली व २०२१ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती काढली. त्यांतील तीन-चार मापे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट. खुर्ची जागच्या जागी वळवण्यासाठी १५०० मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा. उताराचे प्रमाण १:१२, म्हणजे एक इंच चढण्यासाठी बारा इंच लांबी. उंबरठा असलाच तर १२ मिलिमीटरपेक्षा उंच नसावा.

आता ही मापे आपल्या घरांना लावून पाहा. सर्वसाधारण पायरी सहा इंचांची धरली तर एका पायरीसाठी सहा फूट लांबीचा उतार लागतो. वाहनतळापासून लिफ्टपर्यंतच्या तीन पायऱ्यांसाठी अठरा फूट. कित्येक इमारतींत हौसेने बांधलेले उतार असतात, पण जागा वाचवण्यासाठी ते इतके उभे केलेले असतात की त्यावरून स्कूटर चढते, खुर्ची चढत नाही. आपल्या शाखांनाही हा धडा गिरवावा लागला. नव्या एटीएम केंद्रांना उतार असावा, असे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २००९ च्या परिपत्रकाने बँकांना कळवले होते. त्यानंतर बांधलेल्या काही उतारांवर उभे राहून पाहिले असता ते परिपत्रकासाठी बांधले आहेत की माणसांसाठी, असा प्रश्न पडतो.

घराच्या आत मात्र चित्र इतके निराशाजनक नाही. येथील बहुतेक अडथळे सुतार आणि प्लंबर एका दिवसात दूर करू शकतात. आत उघडणारे न्हाणीघराचे दार बाहेर उघडेल असे बसवता येते. त्यामुळे आतली जागा मोकळी होते आणि आत कोणी पडल्यास दार अडत नाही. हा दुसरा लाभ घरातल्या सर्वांनाच आहे. साध्या बिजागऱ्यांऐवजी बाहेर झुकणाऱ्या बिजागऱ्या लावल्या तर उघडलेली फळी मोकळ्या जागेतून बाजूला होते. फळी काढून बाहेरच्या भिंतीवर सरकते दार लावणे हा आणखी एक मार्ग. न्हाणीघराचा दोन-तीन इंचांचा उंबरठा पाणी अडवण्यासाठी असतो, तो फोडू नये. त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे किंवा रबराचे पाचरीसारखे तुकडे ठेवले की काम भागते. भारतीय पद्धतीचे शौचालय असेल तर मध्यभागी छिद्र असलेली खुर्ची त्यावर ठेवता येते. कमोडची बैठक ठेंगणी असेल तर वरून बसवायचा उंचवटा मिळतो.

आधारदांड्यांबद्दल थोडे सविस्तर सांगावयास हवे, कारण घरमालकांचा सर्वाधिक विरोध येथे होतो. 'टाइल्सना भोके पाडली की वॉटरप्रूफिंग गेले' हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. वॉटरप्रूफिंगचा मुख्य थर जमिनीखाली असतो व भिंतीवर साधारणपणे फूटभर चढवलेला असतो. दांडी बसते ती दोन-अडीच फुटांवर. भोक टाइलच्या सांध्यात पाडून त्यात सिलिकॉन भरले, तर घराचे काही बिघडत नाही. शॉवर थेट भिंतीवर पडत असेल, तर मात्र प्लंबरला विचारूनच जागा ठरवावी. दांडी विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीतच बसवावी, पोकळ भिंतीत नव्हे. रबरी चोषकांनी चिकटणाऱ्या दांड्या बाजारात मिळतात. भोके पाडावी लागत नाहीत म्हणून घरमालक त्या सुचवतात. पूर्ण शरीराचा भार त्यांच्यावर टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या दांडीवर विसंबून माणूस पडतो, ती दांडी नसलेली बरी.

कायदा काय म्हणतो आणि कोठे थांबतो

भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारास अनुसमर्थन दिले. त्या कराराच्या नवव्या अनुच्छेदात सुगम्य असावयाच्या जागांमध्ये शाळा, रुग्णालये आणि कामाच्या ठिकाणांबरोबर निवासस्थानांचा स्पष्ट उल्लेख आहे. कोठे व कोणाबरोबर राहावे हे इतरांप्रमाणे निवडण्याचा अधिकार एकोणिसाव्या अनुच्छेदात आहे.

या करारानुसार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ संमत झाला व १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ चा जुना अधिनियम त्याने रद्द केला. नव्या अधिनियमाचे ३ रे कलम दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई करते. ५ वे कलम समाजात राहण्याचा हक्क देते. 'वाजवी सोय' ही संकल्पना या अधिनियमाने आपल्याकडे आणली: समोरच्यावर अवाजवी भार न टाकता, त्या व्यक्तीच्या गरजेपुरते केलेले आवश्यक फेरफार. ४४ वे कलम सांगते की सुगम्यतेचे नियम न पाळणारा आराखडा असेल तर कोणत्याही आस्थापनेस बांधकामाची परवानगी देऊ नये. ४५ वे कलम जुन्या इमारतींसाठी आहे. परंतु ते 'सार्वजनिक इमारतीं'पुरतेच आहे. कार्यालये, दुकाने, शाळा, प्रार्थनास्थळे यांचा त्यात समावेश होतो. पंचवीस वर्षांपूर्वीच्या सोसायटीतील दुसऱ्या मजल्यावरचा, भाड्याने दिलेला फ्लॅट त्यात बसत नाही.

या नियमांची कथाही सांगण्याजोगी आहे. राजीव रतुरी या दृष्टिबाधित याचिकाकर्त्यांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात सुगम्यतेसाठी याचिका केली होती. त्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने २०१७ च्या नियमांपैकी १५ (१) हा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला. अधिनियम सक्ती करतो, आणि नियम मात्र केवळ शिफारस करणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवतो, हे न्यायालयास मान्य झाले नाही. किमान अनिवार्य मानके वेगळी काढून नियम तीन महिन्यांत करावेत, असा आदेश केंद्र सरकारला देण्यात आला. नव्या बांधकामांच्या दृष्टीने हा निर्णय फार मोलाचा आहे. पण भाड्याचे घर शोधणाऱ्याला आज उभ्या असलेल्या इमारतीतच राहावयाचे असते. 'माझ्या खर्चाने मी तुमच्या न्हाणीघरात दांडी बसवतो' असे म्हणणाऱ्या भाडेकरूस घरमालकाने नकार दिला, तर त्याला थेट बांधून घेणारी स्पष्ट तरतूद या अधिनियमात नाही.

घरमालकाची भीती

घरमालक नकार देतो तेव्हा तो नेहमीच निष्ठुर असतो असे नाही. त्याच्या नकारामागे एक जुनी भीती आहे, आणि तिला कायद्यात आधारही आहे. आपल्याकडील बहुतेक घरे आज 'लिव्ह अँड लायसन्स' पद्धतीने दिली जातात, म्हणजे तो भाडेपट्टा नसून केवळ वापराची परवानगी असते. अशा परवानगीस १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम लागू होतो. त्याच्या ६० व्या कलमानुसार परवानगी देणारा ती केव्हाही मागे घेऊ शकतो. परंतु परवानगीच्या आधारे दुसऱ्या पक्षाने खर्च करून कायमस्वरूपी बांधकाम केले असेल, तर ती मागे घेता येत नाही. वकील मंडळींना हे कलम पाठ असते. म्हणून करारात 'जागेत कोणताही फेरफार करणार नाही' असे सरसकट वाक्य घातले जाते, आणि त्या वाक्याखाली भिंत पाडणे व दांडी बसवणे एकाच पंक्तीत येऊन बसतात.

जे खऱ्या अर्थाने भाडेकरू आहेत, त्यांना महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण अधिनियम लागू होतो. मालकाच्या लेखी संमतीविना कायमस्वरूपी बांधकाम केल्यास १६ व्या कलमाखाली जागा खाली करून मागता येते. पण तेच कलम पुढे सांगते की आवश्यक तेथे नगरपालिकेची परवानगी घेऊन केलेला लाकडी आडपडदा, स्वयंपाकाचा उभा ओटा, दरवाजा, जाळी, हवेसाठीची खिडकी, एअर कंडिशनर या गोष्टी 'कायमस्वरूपी बांधकाम' समजल्या जाणार नाहीत. त्या यादीत आधारदांडी नाही. ओटा कायमस्वरूपी नसेल तर दोन स्क्रूंवरची दांडी कशी असेल, असा युक्तिवाद कोणालाही सुचेल. तथापि न्यायालयात जाऊन तो करण्याची वेळ भाडेकरूवर येऊ नये, हे उत्तम.

आणखी एक तरतूद मला विशेष उपयोगी वाटते. १८८२ च्याच मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १०८ व्या कलमातील 'ह' खंडानुसार, विरुद्ध करार नसेल तर, भाडेपट्टेदाराने जागेला जोडलेल्या वस्तू तो ताबा सोडण्यापूर्वी काढून नेऊ शकतो. जागा मात्र त्याला मिळाली होती त्या स्थितीत परत द्यावी लागते. लावा, वापरा, काढा आणि पूर्ववत करून द्या, हा न्याय दीडशे वर्षे होत आली तरी पुस्तकात आहे. तो आपल्या करारांत उतरत नाही, इतकेच.

चार ओळी कोणत्या

येथे अमेरिकेचे उदाहरण देतो. तेथील कायदा आपल्याला लागू नाही, पण त्यातील हिशेबाची रीत बँकेतल्या माणसाला आवडण्यासारखी आहे. १९८८ साली तेथील गृहनिर्माणविषयक समानतेच्या कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार दिव्यांग भाडेकरूस स्वतःच्या खर्चाने वाजवी फेरफार करू देण्यास खाजगी घरमालक नकार देऊ शकत नाही. मात्र घराच्या आतील भाग जाताना पूर्ववत करून द्यावा, अशी अट तो घालू शकतो. नियमावलीत उदाहरणेही आहेत: दांड्या काढाव्यात, पण त्यांच्यासाठी भिंतीत घातलेली बळकटी काढावयाची गरज नाही, रुंद केलेले दार पुन्हा अरुंद करून मागता येत नाही, कारण रुंद दाराने पुढच्या भाडेकरूचे काही अडत नाही. दिव्यांग आहे म्हणून नेहमीची अनामत वाढवता येत नाही. पूर्ववत करण्याच्या खर्चाची खात्री आवश्यक असेल, तर ती वाजवी रक्कम वेगळ्या व्याजी खात्यात हप्त्याहप्त्याने ठेवण्याचे ठरवता येते, आणि त्यावरील व्याज भाडेकरूचे असते.

कायद्याने न दिलेली ही व्यवस्था आपल्याकडे दोन माणसे करारातून सहज उभी करू शकतात. 'कोणताही फेरफार करणार नाही' या वाक्याच्या पुढे असा मजकूर घालता येईल:

"अनुज्ञप्तीधारकाच्या कुटुंबातील दिव्यांग व्यक्तीच्या सोयीसाठी परिशिष्टात नमूद केलेले फेरफार करण्यास मालकाची संमती आहे. सदर फेरफार तात्पुरत्या व काढता येण्याजोग्या स्वरूपाचे असून त्यांमुळे अनुज्ञप्तीधारकास जागेत कोणताही अधिक हक्क प्राप्त होणार नाही. जागा सोडताना परिशिष्टातील 'अ' यादीतील वस्तू अनुज्ञप्तीधारक स्वखर्चाने काढून जागा पूर्ववत करील. 'ब' यादीतील वस्तू मालकाच्या संमतीने तशाच राहतील."

'तात्पुरत्या व काढता येण्याजोग्या' हे शब्द घरमालकाची साठाव्या कलमाची भीती घालवतात, आणि परिशिष्टातली यादी भाडेकरूची. परिशिष्टास काम करण्यापूर्वीची छायाचित्रे जोडावीत. काढलेली फळी, जुन्या बिजागऱ्या कोठे ठेवल्या हेही लिहावे. हे हास्यास्पद वाटेल, पण वाद होतात ते नेमके अशाच गोष्टींवरून. पूर्ववत करण्याचा खर्च गवंड्याकडून लिहून घ्यावा आणि तेवढीच रक्कम नेहमीच्या अनामतीहून वेगळी दाखवावी. बोलाचालीत हा खर्च पाच आकड्यांत जातो. गवंड्याच्या कागदावर तो बहुधा चार आकड्यांत मावतो. करारास अंतिम रूप देण्यापूर्वी मसुदा वकिलांना दाखवावा, हे सांगणे नलगे.

खर्चाचा भार कोणी उचलावा? माझ्या मते, एका व्यक्तीच्या गरजेपुरते जे आहे ते भाडेकरूने करावे, आणि घराची किंमत किंवा सुरक्षितता वाढवणारे जे आहे त्यात घरमालकाने वाटा उचलावा. बाहेर उघडणारे न्हाणीघराचे दार, जिन्याला दुसऱ्या बाजूचा कठडा, न घसरणाऱ्या टाइल्स या गोष्टी मालकाच्या घरातच राहतात. त्यासाठी मालकास बँकेच्या घरदुरुस्ती कर्जाचाही विचार करता येईल. भाडेकरूच्या नावावर घर नसल्यामुळे हे कर्ज त्यास मिळत नाही, हे काउंटरवरील सहकाऱ्यांनी त्याला पहिल्याच भेटीत सांगावे. तीन खेपा झाल्यावर नव्हे.

सोसायटीचा उंबरा

घराच्या आतले प्रश्न दोघांत सुटतात. पायऱ्या, लिफ्ट, वाहनतळ या सामाईक जागा आहेत आणि त्या सोसायटीच्या अखत्यारीत येतात. भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो. त्याच्या अर्जाला समितीने उत्तर न दिले तरी त्यास फारसे काही करता येत नाही. म्हणून उताराचा किंवा लिफ्टजवळच्या वाहनतळाचा अर्ज घरमालकाच्या सहीनेच गेला पाहिजे. घर भाड्याने देताना 'सोसायटीचे तुम्ही पाहून घ्या' असे म्हणणारा मालक वस्तुतः जे काम केवळ तोच करू शकतो, ते नाकारीत असतो.

सोसायटीत उताराचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, 'एका माणसासाठी?' माझा अनुभव असा की या प्रश्नावर वाद घालू नये. सभासदांपैकी किती जणांचे गुडघे दुखतात, एवढेच विचारावे. अठरा फूट लांबीची जागा नसेल तर उतार मध्ये वळवून दोन टप्प्यांत बांधता येतो. तेही शक्य नसेल तर घडी घालून ठेवता येणारा ॲल्युमिनियमचा उतार असतो. मात्र तो एखाद्या पायरीसाठीच ठीक. तीन पायऱ्यांवर आखूड फळी टाकून चौघांनी खुर्ची ढकलणे हा उपाय नव्हे. रोज सकाळी कामावर जाण्यासाठी चौघांची वाट पाहणे ज्यांच्या वाट्यास येते, त्यांना त्याचा अर्थ विचारावा.

खुर्चीखेरीज

दिव्यांगत्व म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खुर्ची येते, आणि हा लेखही तिच्याभोवतीच फिरला आहे. कर्णबधिर भाडेकरूस दाराची घंटा वाजताच लुकलुकणारा दिवा लागतो; तो प्लगमध्ये बसतो, भिंतीला हातही लावावा लागत नाही. दृष्टिबाधितांसाठी पायरीच्या कडेला भिन्न रंगाची पट्टी आणि लिफ्टमध्ये मजला सांगणारा आवाज उपयोगी पडतो. त्याहीपेक्षा उपयोगी पडतो तो भाडेकराराचा संगणकीय मजकूर, सहीच्या चार दिवस आधी मिळालेला. पडद्यावरील अक्षरे वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर तो स्वतः ऐकता येतो. छापील कागद 'अमुक ठिकाणी सही करा' म्हणून बोट धरून पुढे करणे ही आपल्या शाखांमधूनही दिसणारी सवय आहे.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाच्या आईवडिलांना घर मिळण्यातील अडचण बांधकामाची नसतेच. तेथे शेजाऱ्यांचे काय, असे विचारले जाते. खिडक्यांना अधिक जवळच्या गजांची जाळी, गॅसच्या नळीला वरच्या बाजूस कुलूप, एवढेच त्या घराला लागते.

बँक स्वतः भाडेकरू असते तेव्हा

सहकाऱ्यांसाठी दोन शब्द. अधिकाऱ्याच्या घराचा करार बँक स्वतःच्या नावे करते, तेव्हा भाडेकरू बँक असते. महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण अधिनियम बँकांना दिलेल्या जागांस लागूच होत नाही. ३ ऱ्या कलमात तसे म्हटले आहे. म्हणजे येथे करारातील शब्द आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियम हेच प्रमाण, आणि १०८ व्या कलमातील वस्तू काढून नेण्याचा हक्क येथे कामी येतो. २०१६ च्या अधिनियमाचे २० वे कलम शासकीय आस्थापनांवर दिव्यांग कर्मचाऱ्यास वाजवी सोय देण्याचे कर्तव्य टाकते. केंद्राच्या कार्मिक विभागाच्या ३१ मार्च २०१४ च्या ज्ञापनात दिव्यांग कर्मचाऱ्यांना फिरत्या बदल्यांतून सूट द्यावी व पदोन्नतीच्या वेळी नेमणुकीच्या ठिकाणाबाबत प्राधान्य द्यावे, असे सुचवले आहे. ठिकाण पसंतीचे मिळाले आणि घर मिळाले नाही, तर त्या प्राधान्याचे मोल किती, याचा विचार घरांची प्रकरणे पाहणाऱ्या विभागाने करावा. कराराच्या छापील नमुन्यात वरील परिच्छेदासाठी जागा असावी, असे मला वाटते. छापील नमुन्यात नसलेली गोष्ट मागताना माणसाला संकोच होतो.

नाशिकच्या त्या प्रकरणात नमुन्यात जागा नव्हती. आम्ही स्वतंत्र कागद टाइप केला. घरमालक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि विचारले, "साहेब, दार काढले तर आडोसा कशाचा?"

"बाहेरून सरकते दार लावू, काका," सहकाऱ्यांच्या पत्नी म्हणाल्या. "जाताना तुमचे दार होते तसे बसवून देऊ."

"आणि जुने दार?"

"तुम्ही सांगाल तिथे ठेवू."

दार माळ्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवण्याचे ठरले व तसे कागदात लिहिले गेले. सुताराने फळी काढल्यावर मोकळी जागा पंचवीस इंच झाली. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच. चाक हाताने फिरवले तर बोटे चौकटीला घासत, म्हणून ते चौकटीला धरून खुर्ची आत ओढून घेत. दोन दांड्या, सरकते दार, उंबरठ्याच्या पाचरी आणि सुताराची मजुरी धरून सारा खर्च त्या घराच्या एका महिन्याच्या भाड्याहून कमी झाला. पदोन्नती नाकारण्याचा अर्ज दिला गेला नाही.

तीन वर्षांनी त्यांनी घर सोडले, तेव्हा माळ्यावरचे दार उतरवून बसवले गेले. ते थोडे फुगले होते. रंधा मारावा लागला. दांड्या 'अ' यादीत असल्याने काढायच्या होत्या. काकांनी शौचालयातली एक राहू द्या म्हणून सांगितले. अनामत परत मिळाली. रंगकामाचे पैसे तेवढे कापले गेले. ते सगळ्यांचेच कापतात.